दोन थेंब

डायनामो उतरवून बाकावर ठेवला
तर बुडातून तेलाची धार लागली.
इंजिनाला लागली असती तर नवल नव्हतं.
हा वीज करणारा गडी, याला तेलाचं वावडं.
मागच्या टोकाला मोहरीएवढं भोक,
शेजारी ओतीव तीन इंग्रजी अक्षरं,
तिथे दोन थेंब, हजार मैलांमागे दोन.
आत नमद्याची चकती असते, ती पिऊन ठेवते
आणि फिरत्या दांड्याला पुरवून पुरवून देते.
जास्तीचा थेंब मात्र वाट शोधत तांब्याकडे जातो.

तांबं काळं पडलेलं.
पट्ट्यांमधल्या खाचा काजळीनं लिंपलेल्या,
कार्बनचे ब्रश घरांत रुतून बसलेले,
स्प्रिंग ढकलतेय, ते हलायचं नाव काढत नाहीत.
आणि वास.
वास इंजिन ऑइलचा नव्हता.
हा वास मी शाळेच्या गणवेशापासून ओळखते:
शिलाई मशीनचं तेल.

गाडीच्या कप्प्यात बाबांची वही होती.
एउलोहियो बेरुएता, कार्मेलो. ऑस्टिन, १९५१.
तारीख, मैल, थेंब: तीन रकाने, पेन्सिलीनं आखलेले.
धक्क्यावर प्रवासी सोडले, द्राक्षमळ्यात खोकी नेली,
असलं काही नाही त्यात. फक्त आकडे.
शेवटची नोंद एप्रिलातली. ६१,४०८. दोन.
मग पान उलटलं
आणि अक्षर गोल झालं.
एक मे. ६१,४०८. दोन.
एक जून. ६१,४०८. दोन.
सहा वर्षं, दर महिन्याची एक तारीख,
मैल तेच.

आईला गाडी येत नाही.
बॉनेटची कळ कुठे असते हे तिला कुणी दाखवलं?
सत्तरीनंतर, एका हातानं ते पत्र्याचं धूड तोलून
दुसऱ्या हातात मशीनची कुपी,
ओठांत मोजणं.

मी पेट्रोलच्या चिंधीनं तांबं पुसलं,
चिंधी पाच वेळा बदलली.
हॅकसॉचं पातं घासून बारीक केलं
आणि एकेक खाच कोरत गेले,
दातांतलं अडकलेलं काढावं तशी.
चकती दोन दिवस वर्तमानपत्रात दाबून ठेवली.
हवामान, फुटबॉल, निधनवार्ता, सगळं पारदर्शक झालं.

जोडला. पट्टा चढवला.
शेजारचा गोदोफ्रेदो आत बसून पाय दाबत होता.
लाल दिवा जळतच राहिला.
"मेला," तो म्हणाला.
मेला नव्हता, विसरला होता.
डायनामो कोऱ्या लोखंडावर सुरू होत नाही,
आधीच्या फिरण्याचं थोडं चुंबकत्व
आत उरलेलं लागतं, त्यावरच तो पुढचं उभारतो.
ते गेलं असेल तर बॅटरीची तार
क्षणभर टेकवायची. क्षणभरच.
ही गाडी उलट्या चालीची, धन टोक सांगाड्याला,
म्हणून मी दोनदा तपासलं, मग टेकवलं.
निळी ठिणगी. नखाएवढी.
गोदोफ्रेदोनं पुन्हा पाय दाबला
आणि दिवा मंदावला, थरथरला, गेला.

आई दारात उभी, हातात येर्बाचा भोपळा,
नळी तोंडातून न काढता विचारलं,
"तेल होतं ना त्यात?"
"होतं," मी म्हटलं. "भरपूर."
ती मान हलवून आत गेली,
काम नीट झाल्यासारखी.

एक तारखेला बॉनेटचा आवाज आला
तेव्हा मी चिंधी खाली ठेवली.
म्हटलं, आधी फिरत्या पुलापर्यंत जाऊन येऊ, मग घाल.
ती मागच्या सीटवर बसली, सवयीनं,
पुढची जागा मोकळी.
मीही काही बोलले नाही.
पुलाखाली ओढा तपकिरी, वरून दोन सायकली गेल्या.

परत आल्यावर तिनं वही मागितली,
चष्मा पुसला, लिहिलं: ६१,४१२.
हजाराला अजून नऊशे शहाण्णव बाकी.
तिनं कुपीचं टोपण काढलं.
मी बॉनेट धरून उभी राहिले,
नदीकडे बघत.